यंत्राच्या आधाराने जगणारी मुले आणि गावची शाळा

(वसई तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या संमेलनाच्या विषयपत्रिकेवर पटनोंदणी, वाचन-लेखनाची प्रगती आणि पोषण आहाराच्या नोंदवह्या असे तीन विषय आहेत. ते यथाक्रम होतीलच. त्यापूर्वी आपला अर्धा तास मी मागून घेतला आहे. ज्या विषयासाठी तो घेतला, त्याला आपल्या कोणत्याही तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही, आणि म्हणूनच तो आपल्या नजरेतून निसटतो असा माझा अनुभव आहे.

गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील एका शाळेच्या तपासणीस मी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही. हजेरीपट चाळताना दोन नावांपुढे लाल शाईची रांग दिसली. एक मुलगी पहिलीतील, दुसरी सहावीतील, आणि आडनाव एकच. वर्गशिक्षकांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "धाकटी आजारी असते, थोरली घरकामात अडकते. पालक उदासीन आहेत, साहेब." हे उत्तर आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा दिलेले आहे. मीही शेरेपुस्तकात 'पालकभेटी वाढवाव्यात' असे लिहून मोकळा झालो असतो. परंतु पाऊस उघडला होता, मोटारसायकल चिखलात घालण्याची इच्छा नव्हती, आणि घर शेताच्या बांधावरून पंधरा मिनिटांवर होते. म्हणून चालत निघालो.

घरात गेलो तेव्हा आई उठली नाही, की 'या' म्हणाली नाही. खाटेवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला, कंठाच्या खाली, एक लहानशी वाकडी नळी बसविलेली होती आणि ती पांढऱ्या फितीने मानेभोवती बांधली होती. आई एका बारीक रबरी नळीने त्या नळीतील कफ ओढून काढीत होती. शेजारी स्टुलावर डब्याएवढे एक यंत्र घरघरत होते. "गुरुजी, जरा थांबा. हिचा श्वास मोकळा करते," एवढेच ती म्हणाली. थोरली मुलगी उकळून निवविलेल्या पाण्याची वाटी हातात धरून उभी होती. यंत्र बंद झाले. धाकटी माझ्याकडे पाहून हसली. हसताना तिचे खांदे हलले, डोळे मिटले, पण आवाज मात्र आला नाही.

कंठाच्या खालीच नळी असल्याने श्वास बाहेरच्या बाहेर येतो-जातो. स्वरयंत्रापर्यंत हवा पोचत नाही. म्हणून असे मूल रडले तरी ऐकू येत नाही. हे वाक्य मी पुन्हा म्हणतो, कारण या घराची सारी दिनचर्या, किंबहुना सारी रात्रचर्या, त्यातून निघालेली आहे. रात्री नळीत कफ अडकला तर हे मूल हाक मारू शकत नाही. तेव्हा कोणीतरी जागे असलेच पाहिजे. रात्रीच्या पूर्वार्धात आई जागते. दोन वाजल्यानंतर बाप जागतो. तो वालीवच्या बाजूला एका कारखान्यात पाळीने कामास जातो, आणि त्याची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात दोनपासून उजाडेपर्यंत सहावीतली थोरली मुलगी जागते.

आपण 'उदासीन पालक' म्हटले ते हे.

शिक्षकांस वैद्यकशास्त्र शिकविण्याचा माझा अधिकार नाही, परंतु ज्या वस्तूंवर आपल्या विद्यार्थ्यांचे प्राण अवलंबून आहेत त्या वस्तू ओळखण्याइतके ज्ञान आपणांस असावे. ही मुले आता पूर्वीपेक्षा अधिक संख्येने आपल्या दारात येणार आहेत, कारण पूर्वी जी अर्भके जगत नसत ती आज जगतात. ज्या मुलीची हकीकत मी सांगितली तिला जन्मतः काही दिवस श्वासयंत्रावर ठेवावे लागले होते. त्याने ती वाचली. पण घशातून घातलेल्या नळीच्या घर्षणाने श्वासमार्ग आतून अरुंद झाला, म्हणून गळ्यातून नवी वाट करावी लागली. मूल मोठे झाले, श्वासमार्ग रुंदावला किंवा शस्त्रक्रियेने रुंद करता आला, की पुष्कळदा ही नळी निघतेही. म्हणजे ही काही जन्मठेप नव्हे, हे आपण ध्यानात ठेवावे आणि घरच्यांशी बोलताना त्याच समजुतीने बोलावे.

दुसरा प्रकार प्राणवायूचा. ज्यांची फुप्फुसे किंवा हृदय दुबळे आहे अशा काही मुलांस घरी प्राणवायू द्यावा लागतो. त्यासाठी हल्ली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नावाचे यंत्र मिळते. कोविडच्या दिवसांत त्याचे नाव घरोघरी पोचले. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो, उरलेला बहुतेक नायट्रोजन. हे यंत्र खोलीतीलच हवा घेऊन तीमधील नायट्रोजन एका खनिजाच्या खड्यांत अडकविते आणि प्राणवायू पुढे पाठविते. यंत्र स्वतः काही साठवीत नाही. वीज गेली की प्राणवायू थांबला. म्हणून शेजारी सिलिंडर ठेवावाच लागतो. यावर सातवीच्या वर्गास एक उदाहरण घालता येईल: मध्यम आकाराच्या सिलिंडरमध्ये सुमारे 1,500 लीटर प्राणवायू मावतो, मुलास मिनिटाला 2 लीटर लागत असेल तर तो किती तास पुरेल? उत्तर साडेबारा तास. पुस्तकातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा हे उदाहरण मला अधिक खरे वाटते. ते ज्या घरात प्रत्यक्ष सोडविले जाते तेथे उत्तर चुकून चालत नाही.

काही मुलांस गिळता येत नाही, म्हणून नाकातून पोटापर्यंत किंवा थेट पोटावरून नळी घातलेली असते आणि तीमधून दूध, पेज, पातळ केलेले वरण देतात. जेवताना आणि नंतरही काही वेळ अशा मुलाला बसते ठेवावे लागते. काहींस कफ सैल होण्यासाठी वाफेचे औषध देणारे यंत्र, म्हणजे नेब्युलायझर, लागते. काहींच्या कानावर श्रवणयंत्र असते, तर काहींच्या कानाच्या आत शस्त्रक्रियेने बसविलेला भाग आणि बाहेर कानामागे त्याचा जोडीदार भाग असतो. त्यास कॉक्लियर इम्प्लांट म्हणतात. बाहेरच्या भागाची विद्युत्-घटमाला संपली की मूल त्या क्षणी बहिरे होते, आणि गुरुजींस वाटते की ते हट्टाने उत्तर देत नाही. या मुलांच्या तपासणीसाठी व यंत्राची जुळवणी करून घेण्यासाठी आपल्या तालुक्यातील पालकांस बांद्रा येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सोयीची आहे. ती 1983 पासून कार्य करीत आहे. केंद्र सरकारच्या साहाय्य योजनेतून पात्र मुलांस हे यंत्र व शस्त्रक्रिया यांचा खर्च मिळू शकतो, पण ती लहान वयातच व्हावी लागते. मूल पहिलीत येईपर्यंत वाट पाहिली तर पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून अंगणवाडीताईंशी आपले बोलणे असले पाहिजे.

मधुमेही मुलांविषयीही दोन शब्द. लहान मुलांना मधुमेह होतो यावर पुष्कळांचा अजून विश्वास बसत नाही. होतो, आणि त्यांना दिवसातून अनेकदा बोट टोचून रक्तातील साखर पाहावी लागते व इन्शुलिन टोचावे लागते. काहींच्या कमरेला त्याचा लहानसा पंपही असतो. असे मूल वर्गात एकाएकी घामाघूम झाले, हात थरथरू लागले, वेड्यासारखे बोलू लागले, तर साखर उतरली आहे असे समजावे आणि शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर तत्काळ द्यावी. मधल्या सुट्टीची वाट पाहू नये. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. 108 ला दूरध्वनी करावा. शाळेच्या कपाटात खडूंच्या खोक्याशेजारी साखरेची एक पुडी ठेवणे, याला कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.

आता ज्या यंत्राविषयी बोलणे मला कठीण जाते त्याविषयी सांगतो. ते बाहेरून दिसतच नाही.

मी नोकरीस लागून पाच-सहा वर्षे झाली होती. माझ्या तिसरीच्या वर्गात एक हुशार, पण चालण्यात जरा डगमगणारा मुलगा होता. सहामाही परीक्षेच्या दिवशी सकाळी तो म्हणाला की डोके दुखते आहे. मी त्याला बसायला सांगितले. थोड्या वेळाने त्याला उलटी झाली. गणिताचा पेपर होता आणि गणिताच्या पेपराला उलटी करणारी मुले मी पाहिलेली होती. मी त्याला तोंड धुऊन कोपऱ्यात निजायला सांगितले आणि मनात म्हटले, 'सोंग आहे.' तो शाळा सुटेपर्यंत झोपून होता. झोपला आहे, बरे आहे, असेच मला वाटले. संध्याकाळी बापाने त्याला उचलून नेले आणि त्याच रात्री मुंबईस हलविले. त्या मुलाच्या मेंदूत पाणी साठत असे, आणि ते पोटात उतरविण्यासाठी कातडीखालून एक नळी बसविलेली होती. शंट म्हणतात तिला. ती तुंबली होती. डोकेदुखी, उलटी आणि गुंगी ही तीन लक्षणे एकत्र आली की एक तासही दवडायचा नसतो. मी सहा तास दवडले. मुलगा वाचला, त्याची दृष्टी मात्र पूर्वीसारखी राहिली नाही.

पुढे मी त्याच्या बापाला विचारले, "हे तुम्ही मला आधी का सांगितले नाही?" तो म्हणाला, "सांगितले असते तर शाळेत घेतले असते का?" कारण त्याआधी एका शाळेने त्यांना परत पाठविले होते. मला उत्तर देता आले नाही. मी त्याला घेतले असते असे मला आज म्हणावेसे वाटते. त्या वयातल्या माझी मला तेवढी खात्री नाही.

बंधुभगिनींनो, दाखला घेताना आपण जन्मतारीख विचारतो, जात विचारतो, आधार क्रमांक विचारतो. त्याच वेळी आणखी एक प्रश्न, सर्वांसमक्ष नव्हे तर बाजूला घेऊन, विचारावा: "मुलाला काही उपचार चालू आहेत का? आम्ही काय सांभाळावे?" प्रश्नाच्या आधी एक वाक्य अवश्य म्हणावे: "दाखला झालेला आहे." त्या एका वाक्याने आईबापांची जीभ मोकळी होते. मिळालेली माहिती एका कागदावर लिहावी, तो मुख्याध्यापकांजवळ व वर्गशिक्षकांजवळ असावा, आणि बदली होऊन जाताना जसे आपण कपाटांच्या किल्ल्या देतो तसा तो नव्या शिक्षकाच्या हाती द्यावा. तो वर्गात वाचून दाखविण्याचा कागद नव्हे.

मुलांचा सांभाळ घरी व्हावा की इस्पितळात, हा वाद जगात फार जुना नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात केटी बेकेट नावाची एक मुलगी 1978 साली जन्मली. काही महिन्यांची असतानाच मेंदूच्या ज्वराने तिचे स्नायू दुबळे झाले व ती श्वासयंत्रावर गेली. पुढे तिची प्रकृती घरी नेण्याजोगी झाली, आईबापही तयार झाले. पण सरकारी मदत इस्पितळात असेपर्यंतच मिळे, घरी नेले की बंद होई. घरचा खर्च कमी असूनही नियमाने मुलीला इस्पितळात अडकविले. 1981 च्या नोव्हेंबरात तेथील राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकारांसमोर हे उदाहरण सांगितले, त्याच वर्षी डिसेंबरात ती घरी आली, आणि पुढच्या वर्षी कायदाच बदलला. ती शाळेत गेली, महाविद्यालयात गेली, स्वतः अपंगांच्या हक्कांसाठी बोलू लागली आणि 2012 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारली.

आपल्याकडचा प्रश्न याच्या उलट आहे. आपल्या मुलांस घरी जाण्यास कोणी अडवीत नाही. यंत्र कोठून तरी मिळवून, ते कसे चालवायचे हे परिचारिकेकडून शिकून, आई विरार लोकलच्या गर्दीतून मूल कडेवर घेऊन घरी येते, आणि तेथून पुढे ते घर हेच इस्पितळ होते. रात्रीची परिचारिका तीच, दिवसाचीही तीच. परळच्या वाडिया बालरुग्णालयात किंवा के. ई. एम. मध्ये फेरतपासणीस जायचे म्हणजे पूर्व पट्ट्यातील माणसाचा अख्खा दिवस व एक रोज बुडतो. अर्नाळ्याच्या किल्ल्यावर किंवा पाणजू बेटावर राहणाऱ्यांस तर आधी होडीची वेळ पाहावी लागते.

तथापि आपल्या मुंबईतही आईच्या हातून मोठे कार्य उभे राहिल्याचे उदाहरण आहे. फातिमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मद्रासच्या डॉ. किणी यांच्याकडे त्यांनी मुलीवर उपचार करविले, मालिश व व्यायाम यांची पद्धत स्वतः समजून घेतली, आणि मुलगी सुधारल्यावर त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. 1947 साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातूनच पुढे हाजीअलीजवळचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. 1958 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या पोलिओसाठी त्या झटल्या, त्यापासून भारत मुक्त झाल्याचे 2014 च्या मार्चमध्ये जाहीर झाले. प्रत्येक आईकडून एवढे होणार नाही, तशी अपेक्षा करणेही क्रूरपणाचे आहे. पण घरी शिकलेली विद्या ही विद्याच असते. ज्या आईविषयी मी बोललो ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. ती नळीचा आकार, रबरी नळी किती आत घालावी, किती सेकंदांत बाहेर घ्यावी हे ज्या अचूकपणे सांगते, तसे उत्तर आमच्या प्रशिक्षण वर्गातही क्वचित ऐकू येते.

वसईकरांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील शुभारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघर येथेच झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मदोष, आजार, उणिवा व वाढीतील विलंब तपासते. पुढील उपचार विनामूल्य व्हावेत अशी योजना आहे. पथक येते त्या दिवशी आपण काय करतो? हजर मुलांना रांगेत उभे करतो. ज्याची सर्वांत अधिक गरज, ते मूल त्या दिवशीही घरीच असते. पथकाच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी दूरध्वनी करून 'आमची एक विद्यार्थिनी खाटेवर आहे, गाडी पंधरा मिनिटे तिच्या दारी न्यावी' असे सांगणे मुख्याध्यापकांस अशक्य नाही. मी दोन ठिकाणी हे करून पाहिले. दोन्ही वेळा डॉक्टर आले.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी काहींनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावलेला मी पाहिला आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शेजारच्या शाळेचा हक्क दिला. 2012 च्या दुरुस्तीने बहुविध व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलास घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. हा पर्याय निवडण्याचा हक्क मुलाचा आहे. 'तुमच्या मुलीला घरीच शिकवू, शाळेत आणू नका' असे सांगण्याचा अधिकार त्या दुरुस्तीने आपणांस दिलेला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षण आहे. परंतु यंत्रावर अवलंबून असलेले प्रत्येक मूल या यादीत बसेलच असे नाही. मधुमेही मूल बसत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून सवलतीचा अर्ज परत येईल, हे खरे. पण प्रमाणपत्र नाही म्हणून मूल परत जाता कामा नये.

समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक घरी जाऊन शिकवितात. त्यांच्यावर अनेक शाळांचा भार असतो. आठवड्यातून एकदा आले तरी पुष्कळ. उरलेले दिवस आपले आहेत. घरी जाऊन कसे शिकवावे याचे शास्त्र मी सांगणार नाही; चार अनुभव सांगतो.

जायच्या आधी आईला वेळ विचारावी. आपली सवड म्हणून दुपारी दोनला जाऊ नये. रात्रभर जागलेली बाई दुपारीच तासभर डोळा मिटते. घरात गेल्यावर यंत्राकडे बोट दाखवून प्रश्न विचारू नयेत आणि मुलासमोर 'बिचारी' हा शब्द उच्चारू नये. अर्ध्या तासाहून अधिक बसू नये. ज्या मुलाला आवाज नाही त्याला वाचन कसे शिकवावे, असा प्रश्न त्या वर्गशिक्षकांनी मला केला होता. आपण प्रकट वाचनालाच वाचन समजतो, म्हणून हा प्रश्न पडतो. शब्दपट्ट्या पसराव्यात, चित्रावर शब्द ठेवायला सांगावा, 'हो'साठी टाळी आणि 'नाही'साठी मान. पहिलीचे बरेचसे पाठ्यपुस्तक एवढ्यात होते. ती मुलगी अक्षर ओळखते की नाही हे मी पट्ट्या मांडून पाहिले. तिने 'पाऊस' ही पट्टी उचलून दाराकडे दाखविली. बाहेर खरोखरच सर आली होती.

आणि ती वर्गातही यावी. दिवसभर नव्हे, तासभर. फळ्यापासून दूर, कारण खडूची धूळ नळीवाटे थेट छातीत जाते. तेथे नाकातले केस धूळ अडवायला नाहीत. पाण्याच्या खेळात नको. सोबत आई किंवा शिकलेले दुसरे कोणी, कफ ओढण्याचे यंत्र आणि एक जादा नळी हवीच. हे काम आपणांस कोणी नीट शिकविलेले नसेल तर आपण ते करू नये. पण आईला बसायला व्हरांड्यात खुर्ची देणे आणि यंत्रासाठी प्लगची जागा चालू आहे की नाही हे आधी पाहून ठेवणे आपले काम आहे. या शेवटच्या गोष्टीवर हसू नका. त्या शाळेतील चार प्लगांपैकी एकच चालू होता.

विजेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. 2018 च्या जुलै महिन्यात वसईत पाणी भरले आणि वीज बंद ठेवावी लागली, तेव्हाचे दिवस आपणांस आठवत असतील. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले तेव्हाही तारा तुटल्या, झाडे पडली. आपल्याला मेणबत्त्यांची व भ्रमणध्वनीची चिंता होती. प्राणवायूचे यंत्र तीनशे-साडेतीनशे वॅट वीज घेते. घरगुती इन्व्हर्टरवर ते तीन-चार तासांपलीकडे चालणे कठीण. त्यापुढे सिलिंडर, आणि सिलिंडर संपल्यावर रस्त्याला पाणी. म्हणून पावसाळ्यापूर्वी तीन ठिकाणी या घरांची माहिती, घरच्यांच्या संमतीने, पोचलेली असावी: ग्रामपंचायतीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महावितरणच्या आपल्या भागातील कार्यालयात. तारमास्तरला स्वतः भेटावे. कोणत्या रोहित्रावर हे घर आहे हे त्याला माहीत असले, तर दुरुस्तीचा क्रम लावताना तो माणूसच आहे, विचार करतो. हे पत्र ज्या घरात कोणी लिहू शकत नाही तेथे शिक्षकाने ते लिहून द्यावे. गावात अर्ज लिहून देणे हे आपले जुनेच काम आहे.

सर्वांत अखेरीस थोरल्या मुलीविषयी, कारण तिच्याविषयी कोणतीही योजना नाही. ती आजारी नाही, दिव्यांग नाही, तिला प्रमाणपत्र मिळणार नाही. ती फक्त रात्री दोनला उठते आणि सकाळी वर्गात पेंगते, किंवा येतच नाही. अशी मुले ओळखण्याचे साधन आपल्या हाती रोज असते, ते म्हणजे हजेरीपट. ज्या घरातील धाकटे मूल आजारी आहे त्या घरातील थोरल्याची हजेरी काढून पाहा. त्या शाळेतील शिक्षकांनी त्यानंतर तीन गोष्टी केल्या. बापाच्या रात्रपाळीचा आठवडा कोणता हे विचारून त्या आठवड्यात तिला पहिला तास माफ केला व चुकलेला भाग मधल्या सुट्टीत करून घेतला. कारखान्यातील मुकादमास पत्र लिहून पाळी बदलता येईल का असे विचारले. पहिले पत्र वाया गेले, दुसऱ्याने महिन्यातील दोन रात्रपाळ्यांचे आठवडे एकावर आले. आणि शेजारच्या घरातील एका आजीने आईकडून नळीचे काम शिकून घेतले. आठवड्यातून दोन रात्री ती येऊन बसते. तिला म्हातारपणामुळे झोप येतच नव्हती, असे ती सांगते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तेथे पुन्हा गेलो. सहावीच्या पटावर थोरलीपुढे लाल शाई कमी झाली होती, संपली नव्हती. धाकटी आठवड्यातून दोन दिवस तासभर वर्गात येत होती. तिच्या वर्गातील मुलांनी तिच्या 'हो'ची टाळी उचलली आहे आणि आता सारा वर्गच बाईंना टाळी वाजवून उत्तर देतो, अशी बाईंची तक्रार होती. ती मी ऐकून घेतली. शेरेपुस्तकात नोंदविली नाही.

पुढील संमेलनास येताना प्रत्येक मुख्याध्यापकांनी आपल्या गावातील अशा मुलांची व त्यांच्या भावंडांची संख्या सोबत आणावी. नावे नकोत. एकही मूल नसेल तर 'निरंक' लिहिण्यापूर्वी अंगणवाडीताई व आशाताई यांना एकदा विचारून यावे. आता पटनोंदणीचा विषय घेऊ.